शमीमने दाखवलेलं पत्र

मिरजेत तंबोरे बनवणारे इब्राहिमचाचा वारले आणि दुकान त्यांच्या मुलीच्या, शमीमच्या हाती आलं. दूरच्या गायकांनाही तंबोरे मागवता यावेत म्हणून ती वेबसाइट करून घ्यायला नानासाहेब कोऱ्यांकडे गेली. त्यांची वेबसाइटची कंपनी होती, शिवाय ते व्यापारी संघाचे अध्यक्षही होते.

"अब्बांच्या प्रत्येक तंबोऱ्याचा आवाज वेगळा आहे. आमची साइटही वेगळी बनवून द्या," ती म्हणाली.

नानासाहेब हसले. "तयार साचा घ्या. कालच एका भांडीवाल्याला दिलाय. नाव बदललं की झालं! लोकांना काय कळतंय?"

ऑफिसातली माणसंही हसली. शमीमने पर्समध्ये वडील वारल्यापासून पडून असलेलं एक पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"अब्बा गेल्यावर संघाकडून तुमच्या सहीचं हे सांत्वनपत्र आलं. 'आपल्या मातोश्रींच्या निधनाने तीव्र दुःख झाले.' साहेब, ते माझ्या आईनेच उघडून वाचलं. साचा तयार होता, तुम्ही फक्त नाव बदललंत. पण आम्हाला कळलं."

नानासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, मग कोरी वही पुढे ओढली.

"चुकलं माझं. वडिलांबद्दल सांगा, ताई. मी स्वतः लिहून घेतो."

शमीमने सांगायला तोंड उघडलं आणि अब्बा गेल्यापासून पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडली.