चौथा नियम

"…मग बरोबर उत्तराला शून्य देणारा हा कुठला नियम, सर?"

शार्दूल देवस्थळीनं तिन्ही गृहपाठ टेबलावर आपटले. हळूच आपटले, पण आपटलेच.

हुपरीकर सर चष्मा पुसत होते. विद्यापीठाच्या गणित विभागात बहुचल कलन, म्हणजे अनेक चलांचं कॅल्क्युलस, शिकवायला लागून त्यांना एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्यापुढे कागद आपटणारा हा काही पहिला नव्हता.

"दारावर लावलेत ना नियम? चौथा वाच."

वाचायची गरज नव्हती, शार्दूलला ते पाठ होते. पहिल्या दिवशी अख्खा वर्ग त्यांवर हसला होता. उशिरा आलात तर गुपचूप बसा, कारण सांगू नका. कॅल्क्युलेटर घरी ठेवा. खोडरबर वापरू नका, चूक दिसू द्या. आणि चौथा: गृहपाठाच्या तळाशी, ज्याला विचारलंत त्याचं नाव लिहा. नाव नसेल तर गुण नाहीत.

बाकी सगळीकडे दुसऱ्याला विचारलं म्हणून गुण कापतात. इथे उलटी गंगा!

"मी कोणाला विचारलंच नाही. मला गरज पडली नाही."

"दिसतंय. तीनदा लिहिलंयस तसं. तिसऱ्यांदा तर खाली रेघही ओढलीयस."

रेघ ओढली होती खरी, आणि चांगली ठसठशीत ओढली होती.

पाचवा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चार गृहपाठांचे मिळून चाळीस गुण. त्यांतले दहा तरी नसतील, तर शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही. गेल्या वर्षी विद्यापीठात पहिला आलेला हा मुलगा, आणि त्याचा परीक्षेचा अर्ज सहीवाचून सरांच्या पेपरवेटखाली पडला होता. परीक्षा हुकली की वर्ष गेलं. आता उरला होता चौथा गृहपाठ, दहा गुणांचा, आज पाचच्या आत द्यायचा. साडेचार वाजून गेले होते.

"खोटं नाव लिहिता आलं असतं तुला," सर म्हणाले.

शार्दूलची मान ताठ झाली. "खोटं कशाला लिहू?"

"म्हणून तर अजून बोलतोय तुझ्याशी… आण. चौथा दाखव."

चौथ्या गृहपाठात एकच प्रश्न होता. एक्स-वर्ग गुणिले वाय, भागिले एक्सचा चौथा घात अधिक वाय-वर्ग. एक्स आणि वाय दोन्ही शून्याकडे जाताना ही राशी कुठे जाऊन पोहोचते? सगळ्या वाटांनी जाऊन पाहायचं. सगळ्या वाटा एकाच उत्तराला पोहोचल्या तर तीच सीमा. एक जरी वाट वेगळं काही बोलली, तर सीमाच नाही.

शार्दूलनं तो चार ओळींत उडवला होता.

"आडवी वाट, शून्य. उभी वाट, शून्य. आणि तिरप्या म्हणाल तेवढ्या सगळ्या सरळ रेषा एकदम घेतल्या, सर. अगणित वाटा, एका ओळीत! सगळीकडून शून्य. उत्तर शून्य."

सरांनी कागद पाहिला. एकदा पाहिला, पुन्हा पाहिला.

"कोणाला विचारलं?"

"सर!"

सरांनी कागद परत केला आणि खिडकीबाहेर बघत बसले…

शार्दूल तणतणत बाहेर पडला. विचारायचं तर विचारू, त्यात काय! नियमापुरतं विचारायचं, नाव लिहायचं आणि सही घ्यायची. पण वेळेला व्हरांड्यात भेटावं कोणी? ज्योत्स्ना वळवी. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आलेली, गेल्या वर्षी याच विषयात नापास होऊन यंदा पुन्हा बसलेली. पायरीवर बसून डब्यातले शेंगदाणे खात होती.

त्यानं कागद तिच्यापुढे धरला. "हे बघ जरा. बरोबर आहे ना?"

ज्योत्स्नानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "मागच्या सोमवारी मीच तुला विचारलं होतं हे."

"मग? काय सांगितलं मी?"

"सरळ जा म्हणालास. घाटातल्या वळणांनी गणित सुटत नसतं म्हणालास… आणि हसलास."

शार्दूलला आठवलं. कान गरम झाले. तेव्हा ते त्याला फार चुरचुरीत वाटलं होतं, आणि मागच्या बाकावरचे दोघेतिघे दादही देऊन गेले होते.

"दोन दिवस गेले मी सरळच," ती म्हणाली. "शून्यच येत राहिलं. तिसऱ्या दिवशी तुझं बोलणं डोक्यात घोळत होतं. म्हटलं, आमच्या डोंगरावर तर सरळ कोणीच चढत नाही."

पायरीवर धूळ होती. तिनं बोटानं तीत एक रेघ ओढली. खाली टेकून वर वळत जाणारी, घाटातल्या रस्त्यासारखी. मग शेंगदाण्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

शार्दूल उकिडवा बसला. वाय म्हणजे एक्सचा वर्ग, त्या वाटेनं गेलं तर… वर एक्सचा चौथा घात. खाली एक्सचा चौथा घात, दोनदा. त्यानं पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. शून्याच्या कितीही जवळ जा, उत्तर हलत नव्हतं.

एक द्वितीयांश.

अगणित सरळ वाटा एक बोलत होत्या, आणि ही एक वाकडी वाट भरदिवसा त्या सगळ्यांना खोटं पाडत होती!

"अगं… अगं, सीमाच नाही!"

"नाहीच," ज्योत्स्ना म्हणाली, आणि आता मात्र ती दिलखुलास हसली.

शार्दूल उठला आणि पळत सुटला. इतका दणक्यात हरून इतका आनंद झालेला माणूस त्या व्हरांड्यानं पाहिला नसेल. "सर! सीमाच नाही, सर! नाहीच!" ऑफिसातल्या कारकूनबाई चष्मा वर करून बघायला लागल्या.

सर होते तिथेच बसले होते.

शार्दूलनं उभ्या उभ्याच लिहिलं. 'उत्तर शून्य' त्यानं खोडलं नाही. चूक दिसू द्यायची होती. तिच्याखाली वाकडी वाट काढली, तिचं उत्तर लिहिलं, आणि तळाशी, रेघेच्या जागी, एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं: ज्योत्स्ना वळवी.

सरांनी दहापैकी दहा दिले. पेपरवेट उचललं. अर्जावर सही केली. भिंतीवरच्या घड्याळात पाचाला सात मिनिटं कमी होती.

अर्ज शार्दूलच्या हातात आला. त्याला वाटलं होतं, सही मिळाली की सुटलो. पण पाय निघेनात.

"सर… हे दहा गुण माझे नाहीत. तिचे आहेत."

"तिचे तिच्याकडे आहेत."

सरांनी खण उघडला. ज्योत्स्नाचा गृहपाठ सकाळीच आला होता. दोन पानं सरळ वाटांची, मग ती वळणाची एक वाट, आणि तिथेही दहापैकी दहा.

तळाशी नाव होतं: शार्दूल देवस्थळी.

शार्दूल त्या नावाकडे बघतच राहिला. आपलं नाव इतक्या नीट अक्षरात लिहिलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"पण सर… मी तर तिला चुकीचं सांगितलं होतं!"

"हो ना," सरांनी खण बंद केला. "तिला चुकीचं उत्तर पुरलं. तुला बरोबर लागलं."