आबासाहेबांचा घरबसल्या आवाज

आबासाहेब जगदाळ्यांनी लाल रंगाची, शर्यतीत पळणारी गाडी घेतली, तरी त्यांची हौस भागली नाही. इंजिनाला लावायचे चकचकीत पाइप, ज्यांना हेडर म्हणतात, ते मागवून त्यांनी दादू मेस्त्रीपुढं आपटले.

“जुनं धूड काढ, हे बसव. मी कुठं चाललोय ते गावाला घरबसल्या ऐकू आलं पाहिजे.”

आबासाहेबांचा रोजचा रस्ता दादूच्या दारावरनं, आणि घरात लेक बाळंतीण. पण गॅरेजची जागा आबासाहेबांची. नाही म्हटलं तर चंबूगबाळं उचलावं लागणार.

“बसवतो की,” म्हणत दादू पाना घेऊन गाडीखाली शिरला. पहिला नट सैल करता करता त्यानं खालनंच विचारलं, “यंदाचा श्रावण पाळताय न्हवं?”

“कडक. आईसाहेबांना शब्द दिलाय. कांदासुद्धा वर्ज्य.”

“मग काळजी नाही. नाक्यावरच्या मटणाच्या ढाब्यामागं दुपारची ही गाडी दिसते, म्हणून विचारलं. आता आवाज तिथं जाऊन थांबला, तर आईसाहेबांनाही घरबसल्या ऐकू येईल.”

आबासाहेबांनी रस्त्याकडं एकदा पाहून घेतलं. मग खाली वाकून हळूच म्हणाले, “दादू, तो नट परत आवळ. आणि आहे तो आवाज आणखी कमी होतो का बघ.”

आता ती गाडी दादूच्या दारावरनं मांजरासारखी जाते. नात खुशाल झोपते. चकचकीत पाइप गॅरेजच्या भिंतीला आडवे टांगलेत, त्यावर तिची दुपटी छान वाळतात.