दादाचा खडा

“दादाच का गेला?” उत्तरक तांड्यातल्या एकेकाला विचारत होता.

गोष्ट फार पूर्वीची. काशीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सार्थवाहाच्या कुळात जन्मून वाळवंटापार तांडे नेत असे. उत्तरक त्याचा धाकटा भाऊ; तापट, फारसा न शिकलेला. वाळवंटाच्या तोंडाशीच बोधिसत्त्वाला ताप चढला. प्राण सोडताना तो उत्तरकाला म्हणाला, “माझ्यापायी थांबू नका. टोळ्या नेमक्या पाड.”

त्याची रीत अशी होती. वाटेवरच्या शमींची सावली लहान, म्हणून टोळ्या होतील तितक्या जास्त करायच्या. पण प्रत्येकीत माणसे सारखी आणि पाण्याच्या पखालीही सारख्या. उरलेल्या एका पखालीवरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात. त्यासाठी माणसांचे खडे एकीकडे, पखालींचे दुसरीकडे मांडायचे. मोठ्या राशीतून धाकटीएवढे खडे काढत जायचे, दोन्ही राशी सारख्या होईपर्यंत. मग एका राशीत जितके खडे, तितक्या टोळ्या.

उत्तरक खडे काढत राहिला. शेवटी दोन्हीकडे एकेकच उरला. म्हणजे टोळी एकच! ऊन चढत होते.

“दादा असता तर एव्हाना निघालो असतो,” एक गाडीवान पुटपुटला.

“मग जा, दादालाच विचार!” उत्तरकाने खडे लाथेने उधळले.

तांड्याचे रांधणारी रोहिणीआजी खाली बसली आणि खडे वेचून मोजू लागली. “लाथेने वाटण्या होत नाहीत, लेकरा. पखाली अठरा, बरोबर. माणसे तुला धरून तीस, आणि त्यांचे खडे एकतीस. हा कुणाचा?”

“दादाचा.”

“त्याला आता तहान नाही रे.”

उत्तरक ढसाढसा रडला. मग त्याने तो खडा स्वतःच्या हाताने उचलून कमरेला खोचला. तिसातून अठरा गेले, बारा राहिले. अठरातून बारा गेले, सहा राहिले. बारातून सहा गेले, आणि दोन्हीकडे सहा-सहा! सहा टोळ्या, प्रत्येकीत पाच माणसे, तीन पखाली. उरले काहीच नाही. तांड्याने सुटकेचा निःश्वास टाकला. वाटेत कुणी दुसऱ्याच्या पखालीकडे वळूनही पाहिले नाही, आणि सगळे सुखरूप पार झाले.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते समोर बसलेल्या एका शोकाकुल तरुण भिक्षूला म्हणाले, “तेव्हाची रोहिणीआजी म्हणजे आज विहारात रांधणारी उपासिका. उत्तरक तू. सार्थवाह मीच होतो. त्या जन्मी मी जोपासलेला गुण समभाव. आणि वाळवंटापलीकडच्या विहिरीवर तू काय केलेस, ऐक. साऱ्यांना पोहरा काढून पाजलास, आपण शेवटी प्यालास, मग कमरेचा खडा काढून विहिरीच्या काठावर ठेवलास.”