काळेथडीचे पहिले खोगीर

‘शिंगरू एकाला पाडणारच. तो एक आपल्या रक्ताचा नसावा.’ काळेथडीत हा नियम पोरांच्या कानावर चालता येण्याआधी पडे, आणि तो का, हे विचारायची मुभा कोणालाच नव्हती. भीमेच्या वाळवंटाकडे उतरणाऱ्या वाटेवर बाभळींखाली सात बुटके दगड आहेत. त्यांना शेंदूर नाही, वर कोरलेले काही नाही. पाहुणे विचारतात, हे कोणते देव? गावातले जाणते म्हणतात, देव नव्हेत, सुना आहेत. मग पाहुण्यांना सावलीत बसवतात आणि ही हकिकत सांगतात.

त्या काळी गावात खराड्यांची मोठी पागा होती म्हणे. त्यांच्या हातचा घोडा तोफेच्या आवाजालाही कान हलवत नाही, असा लौकिक होता. शिंगरू तीन वर्षांचे झाले की दसऱ्याला त्याच्या पाठीवर पहिले खोगीर चढे. तोवर त्याला नावही ठेवत नसत. खोगीर चढले की घरातल्या सर्वांत नव्या सुनेला वर बसवायचे, हाती लगाम द्यायचा नाही, आणि शिंगरू वाळवंटात सोडायचे. ते उधळे, तिला पाडे, दमून परत येई. मग घरचा चाबुकस्वार त्याच्यावर मांड टाकी. एकदा माणूस पाडला की घोड्याची खुमखुमी जिरते आणि तो जन्मभर लगाम मानतो, अशी समजूत. बहुतेक सुना हातपाय मोडून का होईना, उठल्या. सात उठल्या नाहीत.

सातवी येसू. घराचा कर्ता म्हातारा हैबती खराडे, त्याच्या थोरल्या नातवाची, रायाजीची, ती बायको. रायाजीची धाकटी बहीण गोजरा तेव्हा सोळा वर्षांची होती. वहिनीच्या डोक्यातले रक्त वाळूत जिरताना तिने पाहिले आणि घरी येऊन आज्याला विचारले, “आबा, तिला का बसवली? तिला तर बैलगाडीत बसायचीसुद्धा भीती वाटायची.”

“मग काय तुला बसवू?” हैबती म्हणाला, आणि जेवायला बसला.

वर्ष सरले नाही तोच चैत्रात रायाजीची दुसरी बायको घरात आली. तिचे नाव भागू. बोलायला तिखट, हसायला मोकळी. गोठ्यात शेण काढता काढता ती म्हणे, “वन्सं, तुमच्याकडं शिंगराला हरभऱ्याची चंदी आणि सुनेला शिळी भाकर. पुढच्या जन्मी मी शिंगरूच होते बघा!” गोजराला हसू आले नाही. त्या दसऱ्याला एक कुमैत, गडद तांबड्या रंगाचे शिंगरू खोगिराला आले होते, आणि घरातली सर्वांत नवी सून भागू होती.

गोजराने कोणालाच काही विचारले नाही. विचारून उत्तर मिळत नाही, हे तिला येसूच्या वेळी कळले होते. नदीवर धुणे धुवायला ती शिंगराला पाणी दाखवायच्या निमित्ताने बरोबर नेऊ लागली. पहिल्या दिवशी तिने पिळलेले लुगडे त्याच्या पाठीवर टाकले. अंगावरची कातडी पाण्यासारखी थरथरली आणि लुगडे चिखलात पडले. तिने ते पुन्हा धुतले, पुन्हा टाकले. पंधरा दिवसांनी ते पाठीवर वाळू लागले. मग तिने त्याची टोके पोटाखालून बांधली. मग त्यावर एक पोते, पोत्यात दोन मुठी वाळू, रोज एक मूठ जास्त. श्रावणात पागेच्या अडगळीतले फाटके खोगीर बाभळींत येऊन दडले. पोटाखालचा पट्टा, तंग, ती एकेक बोटाने आवळत असे आणि तेवढा वेळ त्याच्या आयाळीच्या मुळाशी खाजवत राही. भाद्रपदात ती स्वतः वर बसली. शिंगराने मान वळवून तिच्या पायाचा अंगठा हुंगला, आणि ते चालू लागले.

हे फक्त भागूला माहीत होते. पुढे तीही बसायला शिकली.

“मांडीनं धर वहिनी, हातानं नको.”

“आणि पडले तर?”

“पडलीस तरी तो थांबतो. पडून बघ.”

भागू खरेच पडली, आणि शिंगरू खरेच थांबले. त्या दिवशी दोघी वाळूत बसून पोट धरून हसल्या असे सांगतात.

त्याच महिन्यात गोजराचेही लग्न ठरले. मार्गशीर्षात, भीमेच्या पलीकडच्या काठावरच्या पागेवाल्यांकडे. तिथेही नियम हाच होता.

दसरा उजाडला. शिंगराला झेंडूच्या माळा घातल्या. गाव वाळवंटात जमला, गावातली जाणती मंडळी काठावर ओळीने बसली. हैबतीने आपल्या हाताने शिंगराच्या पाठीवर घाशाचे कापड पसरले, नीट दाबून बसवले, वर खोगीर ठेवले आणि तंग ओढला. रायाजीने तोंडावरच्या मोहरकीचा दोर धरला. भागूने गोजराकडे बघून डोळे मिचकावले आणि टांग टाकली.

तिचे वजन पडताच शिंगरू किंचाळले. मागच्या पायांवर ताठ उभे राहिले. भागू बाजूला फेकली गेली आणि तिचा हात कोपरात मोडल्याचा आवाज काठापर्यंत ऐकू आला. शिंगरू उधळले मात्र नाही. सवयीने ते थांबले, पण अंग चोरून थरथरत राहिले.

“जीव तोडून उधळलं नाही अजून,” हैबती म्हणाला. “उठवा तिला. पुन्हा बसवा.”

दोन दिरांनी भागूला बखोटीला धरून उठवले. गोजरा गर्दी सारून पुढे आली. ती पाठ ती सहा महिने ओळखत होती. तिने तंग सोडला आणि घाशाखाली हात घातला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यात तीन वाळके, काटेरी सराटे रुतलेले होते, आणि त्यांवर शिंगराचे रक्त होते.

“आबा, हे कोणी ठेवले?”

हैबती वरमला नाही, असे सांगतात. “मी ठेवले. माझ्या बापानं ठेवले, त्याच्या बापानं ठेवले. घोडं इथं पाडतं ते रणात पाडत नाही. आपली पोरं जगतात.”

“येसूखाली?”

“सगळ्यांच्याच खाली.”

रायाजीच्या हातातला दोर गळून पडला.

“आता बाजूला हो,” हैबती म्हणाला. “तुला कोण बसवतंय? तू आमच्या रक्ताची.”

“नाही होणार.” गोजरा शिंगराला पाठ लावून उभी राहिली. सराटे अजून हातातच होते. “इथं मी तुमच्या रक्ताची. मार्गशीर्षात नदी उतरले की परकी. तिकडंही कोणी तरी म्हातारा सराटे गोळा करीत असेल. नदीत कितव्या पावलाला माझं रक्त बदलतं, तेवढं सांगा आबा. मग होते बाजूला.”

हैबतीने काठाकडे पाहिले. काठावरच्यांनी पाण्याकडे पाहिले.

“नाही सांगता येत? मग ऐका. भागू बसणार नाही. मी नदी उतरणार नाही. ज्याला घोडं पाहिजे त्यानं घाशाखाली आपला हात घालावा, आणि आधी आपण बसावं.”

 घोडी घ्यायला आलेले शिलेदार आले तसे परत गेले, सोने लुटायचे राहून गेले, सांज झाली तरी काठावरची माणसे तशीच बसून होती म्हणे. गोजराचे लग्न मोडले. हैबतीने तिला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतले नाही. त्याच शिंगरावर बसून ती नदीच्या काठाकाठाने वर निघून गेली असे काही जण सांगतात. पुढचे ठाऊक असलेला माणूस गावात नाही.

आजही काळेथडीत शिंगराला पहिले खोगीर चढते तेव्हा मालक चारचौघांसमोर घाशाखाली उघडा तळहात फिरवतो, तो वर करून दाखवतो आणि सर्वांच्या आधी स्वतः बसतो. लग्नापासून विहिरीपर्यंत प्रत्येक गोष्टीत सल्ला देणारे म्हातारे तेवढा वेळ काठावर उभे असतात. त्यांनी तोंड उघडायचे नसते.