चुकीच्या आत

“मग पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची देतो, सर. चालेल ना?”

भाऊ डॉक्टर चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता. पण उत्तर द्यायचं नसलं की ते चष्मा पुसायला घेतात, हे त्या दवाखान्यात झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

हर्षद नाबरलाही ठाऊक होतं. म्हणून तो उभाच राहिला.

तळकोकणातला डोळ्यांचा दवाखाना तो. भाऊंचं अख्खं आयुष्य तिथं लोकांच्या डोळ्यांत डोकावण्यात गेलेलं. हर्षद मुंबईत शिकून, सुवर्णपदक गळ्यात घालून त्यांच्या हाताखाली आला होता. पोरगा हुशार, यात वाद नाही. आपण हुशार आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं, यातही वाद नाही.

“कुणाबद्दल बोलतोयस?” भाऊंनी विचारलं.

“केतकी चितारी. सावंतवाडीची. डावा डोळा.”

“गंजिफा रंगवते ती?”

“तीच.”

“हं…”

केतकी वीस वर्षांची. गंजिफांची, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळातली, गोल पानं रंगवायचं काम तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पानावर दशावतार, आणि त्यातल्या मत्स्याचे खवले काढायचे तर कुंचला केसाएवढा बारीक लागतो. हात तिचा बापाहून सरस. डोळ्यानं मात्र दगा द्यायला सुरुवात केली होती. एका रेघेच्या दोन रेघा दिसू लागल्या होत्या.

आजाराचं नाव केराटोकोनस. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, तिला पारपटल म्हणतात, ती पातळ होत जाते आणि शंकूसारखी पुढं येते. कुणाचा आजार आहे तिथंच थांबतो, कुणाचा वाढत जातो. वाढत असेल तर उपाय आहे. औषधाचे थेंब घालून वरून एक ठरावीक प्रकाश सोडतात, पारपटल ताठ होतं, वाढ थांबते. पण गेलेली नजर त्यानं परत येत नाही. आणि पारपटल फारच पातळ झालं असेल तर हा उपायही करता येत नाही. म्हणजे वेळेत ओळखलं तर ठीक, नाहीतर बसा हात चोळत.

ओळखायला यंत्र आहे. ते डोळ्याचा फोटो घेतं आणि पारपटलाचा रंगीत नकाशा छापून देतं. उंचवटा कुठं, वक्रता किती, जाडी किती, सगळं आकड्यांत. रंग जितका लाल, तितकी वक्रता जास्त.

“काय म्हणतं यंत्र?”

“मागच्या खेपेपेक्षा वक्रता किंचित जास्त आहे. पण किंचितच, सर. यंत्राच्या चुकीच्या आत.”

आता ही ‘चुकीच्या आत’ची गंमत सांगायलाच हवी.

हर्षद नवा होता तेव्हा कणकवलीच्या एका पोराचा आकडा थोडा वाढलेला बघून त्यानं दवाखाना डोक्यावर घेतला होता. आजच उपचार करा, नाहीतर डोळा हातचा जाईल, असं सांगून पोराच्या बापाला घाम फोडला. भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी हर्षदलाच यंत्रापुढं बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि लागोपाठ तीन नकाशे काढले. तिन्ही आकडे वेगळे आले.

“काय रे, बसल्या बसल्या तुझा डोळा बिघडला काय?”

सगळे हसले. कणकवलीच्या पोराला काही झालेलं नव्हतं. हर्षद लालबुंद झाला, आणि त्या दिवशी धडा शिकला, की यंत्रालाही थोडी चूक माफ असते. तेवढ्या फरकानं उड्या मारायच्या नाहीत.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हर्षदनं तर फुंकायचाच धंदा काढला. जो येईल त्याला ‘चुकीच्या आत’. नव्या डॉक्टरांना त्यानं त्यावर भाषण दिलं. परिचारिका आपसात त्याला ‘आतले डॉक्टर’ म्हणू लागल्या. त्याच्या कानावर आलं होतं ते. वाईट वाटायचं सोडून तो खूश झाला होता.

“पहिला नकाशा कुठाय?” भाऊ म्हणाले.

“पहिला? तो कशाला, सर? मागचा आणि आजचा शेजारी शेजारी लावलाय ना. दर खेपेला मी तसंच करतो.”

“दर खेपेला…”

“हो. दर खेपेला.”

“सगळे घेऊन ये.”

हर्षद घेऊन आला. मनात म्हणाला, म्हाताऱ्याला आज वेळ जात नाहीये. भाऊंनी टेबलावरचा पसारा बाजूला सारला आणि पहिल्या भेटीपासून आजपर्यंतचे नकाशे एका ओळीत मांडले. मग पहिल्या दोन नकाशांवर बोट ठेवलं.

“हा आणि हा?”

“चुकीच्या आत.”

बोट पुढं सरकलं. “हा आणि हा?”

“चुकीच्या आत, सर.”

“हा आणि हा?”

“तेच.”

“आणि हे शेवटचे दोन?”

“आत्ताच सांगितलं ना, सर. चुकीच्या आत.” हर्षदचा आवाज खणखणीत होता. परीक्षेत सगळे प्रश्न आलेल्या पोराचा असतो तसा.

भाऊंनी मान डोलावली. चूक काढली नाही. काढायला चूक नव्हतीच.

“मधले उचल,” ते म्हणाले.

“अं?”

“मधले सगळे उचल. माझ्याकडे दे.”

हर्षदनं मधले नकाशे उचलले आणि त्यांच्या हातात दिले. टेबलावर दोनच राहिले. पहिला आणि आजचा.

पहिल्या नकाशावर खालच्या बाजूला पिवळा ठिपका होता, फार तर हरभऱ्याएवढा. आजच्या नकाशावर तिथं लालभडक डाग होता आणि तो मध्यापर्यंत चढला होता.

हर्षदनं आकडे पाहिले. मग पुन्हा पाहिले. दर खेपेला अर्ध्या अंकाहून कमी, पण दर खेपेला वरच, असं करता करता वक्रता दीड अंकानं वाढली होती. दोन वर्षं ही पोरगी त्याच्यासमोर बसत होती आणि दर खेपेला त्यानं तिला हसून घरी पाठवलं होतं.

“सर…”

“जाडी बघ.”

हर्षदला जाडीचा आकडा बघायची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा एखादा आकडा बघायची भीती वाटली. पण पाहिला.

“आहे, सर. उपचारापुरती आहे. पण काठावर.”

“काठावर म्हणजे आत. मग इथं का उभा?”

हर्षद बाहेर गेला. आधी केतकीला पुन्हा यंत्रापुढं बसवलं आणि एकाच बैठकीत तीनदा नकाशा काढला. तिन्ही आकडे आजच्या आकड्याच्या आसपासच आले. शंकेला जागा उरली नाही.

बाकावर तिचे वडील दिगंबर चितारी बसले होते. हर्षद त्यांच्याशेजारी बसला. एरवी तो पेशंटच्या माणसांशी उभ्यानंच बोलायचा.

“आजार वाढतोय, काका. उपचार करायला हवा. याच आठवड्यात.”

दिगंबर म्हणाले, “तुमी तर दर खेपेक बरा म्हणत होतास.”

“म्हणत होतो. माझं चुकलं.”

दिगंबरांनी लेकीकडं बोट केलं. “चेडवाचो डोळो ऱ्हवतलो मां?”

“आज आहे तेवढा राहील. आधीच ओळखलं असतं तर जास्त राहिला असता.”

दिगंबरांनी लेकीकडं पाहिलं. लेक म्हणाली, “करूया, बाबा. अजून खवले काढता येतायत मला. तेवढं राहिलं तरी पुष्कळ.”

“मगे करा,” दिगंबर हर्षदला म्हणाले. “आणि तोंड असा पाडू नकात. तुमीच असा बसलात, तर आमी खंय बघूचा?”

उपचार झाला. चार दिवस डोळा चुरचुरला, केतकीनं सगळ्यांना पिडलं, मग बरी झाली. ठरल्या वेळी तपासणीला येत राहिली. दर वेळी हर्षद पहिल्यापासूनचे सगळे नकाशे मांडायचा. परिचारिका म्हणायच्या, आतले डॉक्टर आता दुकान मांडून बसतात. म्हणोत बापड्या.

दीड वर्ष गेलं. एका दुपारी हर्षद भाऊंच्या खोलीत आला. चेहरा खुललेला.

“केतकीचे उपचारानंतरचे नकाशे, सर. पहिल्यापासून सगळे आहेत. आकडा एकदा थोडा वर, एकदा थोडा खाली, परत थोडा वर. डोळा थांबलाय.”

भाऊंनी नकाशे पाहिले. सावकाश, एकेक. त्यांनाही बरं वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

“छान झालं. पोरगी काय करतेय?”

“मासे रंगवतेय. पानावरचे.”

“वा.”

हर्षदनं नकाशे गोळा केले. दारापर्यंत गेला. थांबला.

“सर, एक विचारू?”

“विचार.”

“मला ते अजून कळलेलं नाही. त्या दोन वर्षांत मी एकही आकडा चुकीचा वाचला नाही. एकही हिशेब चुकवला नाही. आणि यंत्र थोडं चुकतं, हे तर तुम्हीच मला शिकवलंत. मग मी चुकलो कसा?”

भाऊंनी या वेळी चष्म्याला हात लावला नाही.

“यंत्र चुकलं तर कधी इकडं चुकतं, कधी तिकडं. केतकीचा आकडा दर खेपेला वरच गेला, आणि तू दर खेपेला ‘आत’च म्हणालास. दर खेपेला एकाच बाजूला चुकतो तो माणूस.”