डबीतलं विरजण

"...पण फुकट राबलो, तर माझ्या हाताला किंमत ती काय राहील, बाबा?"

हरगीरबाबा गावातल्या मठाच्या पडवीत शेंगा सोलत होते. केसो आचाऱ्याचा हा प्रश्न ऐकून त्यांनी पुढची शेंग उचलली.

जहागीरदारांचा मुदपाकखाना बंद झाला, तेव्हापासून केसो कामासाठी गावोगाव उंबरे झिजवत होता. बायको, सगुणा, भावाच्या आश्रयाला गेली होती. काम मिळाल्याशिवाय तिला आणायला जायचं ते कुठल्या तोंडाने? काम लागेपर्यंत मठात वाटसरूंसाठी रांध, एवढंच बाबांनी सुचवलं होतं. तेवढ्यावरच स्वारीचा पारा चढला होता.

"सरदार-दरकदारांना वाढलंय मी! आणि आता या गोसाव्याच्या चुलीशी..."

"कमरेला काय जपतोस?" बाबांनी विचारलं.

केसोने चांदीची डबी काढली. आत विरजणात बुडवून वाळवलेली चिंधी होती. कोमट दुधात टाकली की तिने दही लागायचं. त्या दह्याची कढी खायला जहागीरदारांचे पाहुणे मुक्काम वाढवत.

"आजीपासूनचं विरजण आहे, बाबा. कुणाला बोटभर दिलं नाही. नवा धनी मिळाला की पहिलं दही त्याच्या ताटात."

"आज लाव."

"इथे?"

"इथे."

कळू दे एकदा यांनाही, अशा ताठ्यात केसोने मठाच्या दुधात चिंधी सोडली.

सकाळी झाकण उघडलं, तर दूध नासलेलं. कुबट वास सुटला होता आणि इतके दिवस डबीत कोंडलेली चिंधी निर्जीव होऊन तळाशी पडली होती.

केसो भिंतीला टेकून खाली बसला. सगळं गेलं तरी हे आपल्यापाशी आहे, या एका आधारावर तो आजवर चालत आला होता. आता मात्र त्याला रडू आवरेना.

बाबांनी त्याच्यापुढे मठातल्या दह्याची वाटी सरकवली.

त्याने बोट बुडवून जिभेला लावलं... आणि तो तसाच थांबला.

"हे... हे तर माझं आहे!"

"सगुणाचं," बाबा म्हणाले. "एकदा आमचं विरजण बिघडलं होतं. तिने आणून दिलं, तुझ्यापासून चोरून. तेव्हापासून रोज लावतो. कुणी मागितलं तर देतो."

आजवर ज्या बायकोला केसोने विरजणाला हातही लावू दिला नव्हता, तिच्या आठवणीने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यातलं थोडं द्याल, बाबा? डबीत जपून ठेवीन..."

बाबांनी डबी उचलली. मुठीने तिच्यात मीठ भरलं आणि ती चुलीशेजारच्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

"काम शोधायला पंगत उठल्यावर जा, केसो. आधी कढी कर."