पातेल्याचा तळ

भांडीकुंडी मनातलं बोलून दाखवत, तेव्हाची गोष्ट. ओल्या तुरीच्या शेंगा आल्या होत्या. चार वर्षांची मंजुळा आईसाठी दाणे सोलायला बसली. एक दाणा पातेल्यात, दोन तोंडात.

"अगं, माझा तळसुद्धा झाकेना! तुझी आई मला फळीवर ठेवून लहान भांडं घेईल," पातेलं कुरकुरलं.

"गप रे ढेरपोट्या," शेंगा ठेवलेलं सूप हसलं. "कालपर्यंत ही पोर तूर पाहिली की तोंड फिरवायची."

आई आली. मूठभर दाणे पाहून म्हणाली, "उसळीला पुरायचे नाहीत, मंजे. वाटून आमटी करू." पाणी वाढवून तिनं पातेलं काठोकाठ भरलं.

"मी केली!" म्हणत मंजुळानं सगळ्यांना आमटी वाढली, स्वतः तीन वाट्या प्यायली. पातेल्याचा तळ पुन्हा उघडा पडला. या वेळी मात्र ते कुरकुरलं नाही.